शिट्टी हातात, डोकं थंड



आजच्या कार्यक्रमात आपण फुटबॉलच्या पंचांबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बायकांना फुटबॉलच्या पंचाशी काय करायचं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण आपल्या मुली. पावसाळा लागला की शालेय स्पर्धा सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. कबड्डी आणि खो-खोच्या जोडीला आता फुटबॉलही आला आहे. सुब्रतो कप नावाची शाळांची स्पर्धा १९६० सालापासून चालते, आणि तिच्यात १७ वर्षांखालील मुलींचाही गट असतो. पुसद असो, वणी असो, दारव्हा असो, आपली पोरगी मैदानात उतरते तेव्हा आपण रेषेबाहेर उभ्या असतो. पंचानं तिच्याविरुद्ध शिट्टी वाजवली की आपल्याही तोंडून निघतं, "काहून दिलं फाऊल? आंधळा हाय का हा?"

दुसरं कारण आपल्या बैठका. आम्ही समन्वयक म्हणून गावोगावच्या गटांत बसतो. तिथे एक गोष्ट वारंवार दिसते. गट पैशाच्या कमतरतेमुळे मोडतो त्यापेक्षा जास्त वेळा तो बोलाचालीमुळे मोडतो. कर्ज कोणाला आधी द्यायचं, दंड लावायचा की माफ करायचा, यावर कोणी आवाज चढवते. अध्यक्षताई रडकुंडीला येते, "मले नको हे पद" म्हणते आणि दोन बैठकांनंतर यायचंच थांबवते.

निर्णय द्यायचा आणि त्यावरचा राग झेलायचा, हे फुटबॉलचा पंच दीड तास सतत करत असतो. तो ते कसं करतो, हे समजून घेतलं तर आपल्याला बरंच घेण्यासारखं आहे. काही गोष्टी घेण्यासारख्या नाहीत, त्याही शेवटी सांगू.

राग नेमका कोणावर असतो?

फुटबॉलचा सामना ४५ मिनिटांच्या दोन भागांत होतो. एका संघात ११ खेळाडू. त्या २२ जणांमध्ये एक मुख्य पंच, त्याला आपण रेफरी म्हणतो. दोन्ही बाजूंच्या रेषांवर झेंडे घेतलेले दोन सहायक पंच असतात. खेळाचे १७ नियम आहेत. त्यांतला पाचवा नियम पंचाबद्दल आहे. खेळात घडलेल्या घटनेबद्दल, म्हणजे गोल झाला की नाही, धक्का दिला की नाही, याबद्दल पंचाचा निर्णय अंतिम असतो, असं तो नियम सांगतो.

म्हणजे हरकत घेऊन निकाल बदलत नाही. तरी खेळाडू हुज्जत घालतात. कारण धावून धावून दम लागलेला असतो, पाय दुखत असतो, सोपा गोल हुकलेला असतो, प्रशिक्षक बाहेरून ओरडत असतो. हा सगळा राग मनात साठलेला असतो आणि पंचाची शिट्टी वाजली की तो बाहेर पडतो. शिट्टी हे निमित्त ठरतं.

चांगल्या पंचाला हे माहीत असतं. म्हणून तो पहिल्याच शब्दाला स्वतःचा अपमान समजत नाही. पंचगिरीचं अर्धं काम इथेच होतं. "हा माझ्यावर चिडला आहे की चुकलेल्या किकवर?" हे त्याला क्षणात ओळखावं लागतं.

आपल्या गटातही असंच असतं. जून महिन्यात बियाण्यासाठी पैसे हवे असतात, पाऊस लांबलेला असतो, मागच्या वर्षीचं सोयाबीन मातीमोल गेलेलं असतं. अशी बाई बैठकीत म्हणते, "तुमच्या गटाले मतलब नाही माह्या अडचणीचा." तिचा राग अध्यक्षताईवर नसतो, आभाळावर असतो. पण आभाळाला बोलून उपयोग नाही, म्हणून ती समोरच्या माणसाला बोलते.

त्रागा, हुज्जत आणि अपमान

पंच खेळाडूच्या रागाचे साधारण तीन प्रकार करतात. आपल्या भाषेत त्यांना त्रागा, हुज्जत आणि अपमान म्हणू.

त्रागा म्हणजे स्वतःवरचा किंवा परिस्थितीवरचा वैताग. खेळाडू हात झटकते, आभाळाकडे बघते, "अरे देवा!" म्हणते आणि परत धावायला लागते. याकडे पंच बहुतेक वेळा लक्ष देत नाही. माणूस आहे, चिडणारच.

हुज्जत म्हणजे पंचाच्या निर्णयाला शब्दानं किंवा कृतीनं उघड विरोध. पंचाच्या मागे धावणं, पुन्हा पुन्हा "फाऊल नव्हताच" म्हणणं, चेंडू रागानं लांब भिरकावणं, उपहासानं टाळ्या वाजवणं, हे सगळं यात येतं. खेळाच्या बाराव्या नियमानुसार याला ताकीद, म्हणजे पिवळं कार्ड. एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डं मिळाली की लाल कार्ड मिळतं आणि खेळाडू मैदानाबाहेर जातो. त्याच्या जागी दुसरा येत नाही, उरलेल्या दहा जणांनाच खेळावं लागतं. एकाच्या जिभेची किंमत सगळा संघ मोजतो.

अपमान म्हणजे शिवी, जातीवरून, रंगावरून, बाई असण्यावरून बोलणं, घाणेरडे हातवारे, थुंकणं, अंगावर जाणं. याला ताकीद नाही, सरळ लाल कार्ड. इथे पंच विचार करत बसत नाही आणि समजूतही काढत नाही.

हे तीन प्रकार वेगळे ठेवता येणं महत्त्वाचं आहे. त्राग्याला अपमान समजून शिक्षा केली तर साध्या गोष्टीचं भांडण होतं. अपमानाला त्रागा समजून सोडून दिलं तर पुढच्या दहा मिनिटांत बाकीचेही तेच करायला लागतात.

पायरी पायरीनं

पंच खिशात कार्डं घेऊन फिरतो, पण चांगला पंच ती शेवटी काढतो. त्याआधी त्याच्याकडे बऱ्याच पायऱ्या असतात.

पहिली पायरी म्हणजे जागेवर असणं. पंच खेळाबरोबर पळत राहतो, कारण घटनेच्या जवळ उभं राहून दिलेला निर्णय लोकांना पटतो. चाळीस पावलांवरून दिलेला बरोबर निर्णयसुद्धा पटत नाही. जो जवळ असतो त्याला हुज्जत कमी ऐकावी लागते.

दुसरी पायरी शिट्टी आणि हात. छोट्या फाऊलला छोटी शिट्टी, मोठ्या फाऊलला जोरदार शिट्टी. लगेच हातानं दिशा स्पष्ट दाखवायची. पंच चाचरला की खेळाडूंना वाटतं, याला अजून वळवता येईल.

तिसरी पायरी कानात एक शब्द. पळता पळता पंच हळूच म्हणतो, "पाहिलं मी. आता खेळ." किंवा, "एवढं पुरे." कोणाला ऐकू जात नाही, त्यामुळे खेळाडूची लाज राहते. बहुतेक राग इथेच विझतो.

चौथी पायरी उघड समज. पंच खेळ थांबवतो, खेळाडूला बाजूला बोलावतो, शांतपणे दोन वाक्यं बोलतो. गरज पडली तर कर्णधारालाही बोलावतो. हे सगळ्या मैदानाला दिसतं. सगळ्यांना कळतं की यापुढे कार्ड निघेल.

पाचवी पायरी पिवळं कार्ड आणि सहावी लाल. कार्ड दाखवताना पंच खेळाडूच्या तोंडाजवळ नेत नाही. थोडं अंतर ठेवून उभा राहतो, गर्दीतून खेळाडूला वेगळं काढतो, नाव-क्रमांक लिहून घेतो आणि खेळ सुरू करतो. भाषण देत नाही. पायऱ्या अशा असल्या तरी मोठ्या गुन्ह्याला पायऱ्या नाहीत. पहिल्याच मिनिटाला शिवी दिली तर पहिल्याच मिनिटाला बाहेर.

आणखी दोन नियम आपण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, पंचाला आपला निर्णय चुकल्याचं कळलं किंवा सहायकानं सांगितलं, तर खेळ पुन्हा सुरू होण्याआधी तो बदलता येतो. खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही. दुसरी गोष्ट पंचांना प्रशिक्षणात शिकवतात. एका संघाविरुद्ध चूक झाली म्हणून दुसऱ्या संघाविरुद्ध मुद्दाम चुकीचा निर्णय देऊन फिटंफाट करायची नाही. एक चूक ती एक चूक. फिटंफाट करायला गेलं की दोन चुका होतात आणि दोन्ही संघांचा विश्वास जातो.

पिवळं आणि लाल कार्ड आलं कुठून?

ही कार्डं पूर्वी नव्हती. पंच तोंडीच ताकीद द्यायचा. २३ जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पंच होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रत्तीन सतत त्यांच्याशी वाद घालत होता. पंचांनी त्याला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रत्तीनला जर्मन येत नव्हतं. तो म्हणे, मला दुभाषा द्या. कितीतरी मिनिटं तो मैदान सोडायलाच तयार नव्हता. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांना त्याची खात्री करून घ्यावी लागली.

त्या स्पर्धेत पंचांची व्यवस्था पाहणारे केन ॲस्टन हे शाळेतले शिक्षक होते. गाडी चालवत जाताना रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे बघून त्यांना सुचलं की पिवळा म्हणजे सांभाळून आणि लाल म्हणजे थांब. हे कोणत्याही भाषेच्या माणसाला कळतं. १९७० साली मेक्सिकोच्या विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा वापरली गेली, आणि त्या सबंध स्पर्धेत एकदाही लाल कार्ड काढावं लागलं नाही.

यातून आपण काय घ्यायचं? हुज्जत वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे निर्णय नीट कळलेला नसणं. ताकीद मिळाली आहे की नाही, हेच माहीत नसेल तर माणूस बोलतच राहतो. निर्णय सगळ्यांना दिसेल आणि समजेल असा दिला, तर निम्मा वाद उद्भवतच नाही.

नवे उपाय

हुज्जत अजूनही आहे, म्हणून नियम करणारेही नवनवे उपाय शोधत आहेत.

२०१९ पासून बाकावर बसलेल्या प्रशिक्षकांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. हे बरंच झालं. मोठी माणसं बाहेरून ओरडली की पोरंही तेच शिकतात.

दुसरा उपाय म्हणजे थोडा वेळ बाहेर बसवणं. इंग्लंडमधल्या खालच्या स्तरावरच्या, म्हणजे गावोगावच्या क्लबांच्या सामन्यांत हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं मैदानाबाहेर बसवतात. आधी ३१ लीगमध्ये याचा प्रयोग केला, तेव्हा हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी झालं. मग २०१९-२० च्या हंगामापासून तो नियम सगळीकडे लागू केला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. बाहेर बसलेला माणूस श्वास घेतो, पाणी पितो, डोकं निवतं, आणि पुन्हा आत येतो. त्याला कायमचं हाकललेलं नसतं.

तिसरा उपाय २०२४ साली जर्मनीत झालेल्या युरो स्पर्धेत दिसला. पंचाकडे जाऊन निर्णयाबद्दल विचारायचं ते फक्त कर्णधारानं. बाकी कोणी पंचाला गराडा घातला तर पिवळं कार्ड. कर्णधार गोलरक्षक असेल, तर दुसऱ्या एका खेळाडूचं नाव आधीच ठरवायचं. पंचाकडून अपेक्षा अशी की त्यानं कर्णधाराला निर्णयाचं कारण सांगावं. म्हणजे तोंड बंद करायचं नाही, पण दहा जणांनी एकदम बोलायचं नाही. एकीनं विचारायचं आणि पंचानं उत्तर द्यायचं.

मैदान सोडलं तर

हुज्जतीची शेवटची पायरी म्हणजे खेळच सोडून जाणं. आपल्या देशातलं उदाहरण ३ मार्च २०२३ चं आहे. बंगळूरच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता, बंगळूर विरुद्ध केरला ब्लास्टर्स. पूर्ण वेळेत गोल नाही, जादा वेळ सुरू झाला. बंगळूरला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत लावण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात सुनील छेत्रीनं पटकन किक मारून गोल केला. नियमानं फ्री किक झटपट घेता येते. केरळच्या संघाचं म्हणणं होतं की आम्ही तयार नव्हतो. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल कायम ठेवला. केरळचे प्रशिक्षक इवान वुकोमानोविच यांनी सगळ्या संघाला मैदानाबाहेर बोलावून घेतलं. संघ परत आला नाही. सामना बंगळूरला मिळाला.

पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्त समितीनं केरला ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड केला आणि जाहीर माफी मागायला सांगितलं. प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली.

गोल योग्य होता की नव्हता यावर लोक अजून वाद घालतात. पण जादा वेळेची वीस-एक मिनिटं शिल्लक होती. खेळत राहिले असते तर बरोबरी करता आली असती. तक्रार लेखी देता आली असती. उठून गेल्यामुळे दोन्ही वाटा बंद झाल्या. गटातून रागानं उठून जाणाऱ्या आपल्या बहिणींनी हे जरूर ध्यानात घ्यावं. आपली बाजू खरी असली तरी उठून गेल्यावर ती मांडायला कोणी उरत नाही.

बाई पंच असते तेव्हा

१ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या विश्वचषकात जर्मनी विरुद्ध कोस्टा रिका हा पुरुषांचा सामना झाला. शिट्टी होती फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार यांच्या हातात. पुरुषांच्या विश्वचषकात मुख्य पंच झालेली ही पहिली बाई. दोन्ही सहायक पंचही बायकाच होत्या, एक ब्राझीलची आणि एक मेक्सिकोची. आपल्या शेजारच्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या.

बाईला पंच म्हणून उभं राहताना एक जास्तीचं ओझं असतं. पुरुष पंच चुकला तर लोक म्हणतात, पंच चुकला. बाई चुकली तर म्हणतात, बाईला काय कळतं. पुरुष जोरात बोलला तर कडक आणि बाई जोरात बोलली तर भांडखोर. त्यामुळे बाईला नियम पाठ लागतात, धावण्याची तयारी जास्त लागते आणि आवाज न चढवता ठाम राहावं लागतं.

हे आपल्यालाही नवीन नाही. ग्रामसभेत बोलायला उठलेल्या, राशन दुकानात हिशेब विचारणाऱ्या, गटाचं रजिस्टर उघडून "या महिन्याचा हप्ता राहिला आहे" म्हणणाऱ्या बाईला हेच ऐकावं लागतं. उद्या आपल्या गावातली एखादी पोरगी शिट्टी घेऊन मैदानात उभी राहिली आणि पहिल्याच सामन्यात आपणच तिला रेषेबाहेरून बोल लावले, तर ती दुसऱ्या सामन्याला येणार नाही. मग आपल्या मुलींच्या खेळाला बाई पंच मिळणार कुठून?

नागपूरची वाट

आपल्या शेजारी नागपुरात २००१ साली विजय बारसे या क्रीडा शिक्षकांनी वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं त्यांनी पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. पुढे ती स्लम सॉकर संस्था झाली. २०२२ साली आलेला "झुंड" सिनेमा बारसे सरांच्या या कामावरूनच निघाला. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

खेळातून समाजाचं काम करणाऱ्या जगभरच्या संस्थांच्या ज्या जाळ्यात स्लम सॉकर आहे, त्या जाळ्यानं खेळाची एक वेगळी पद्धत पसरवली. तिचं मूळ कोलंबिया देशातल्या मेडेलिन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात तिथल्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून चुकून स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि घरी परतल्यावर काही दिवसांत त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्या शहरात काही लोकांनी ठरवलं की खेळातूनच शांतता शिकवायची.

या पद्धतीत सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ बसून नियम ठरवतात. दुसऱ्या भागात खेळतात, आणि मैदानात पंच नसतो. तिसऱ्या भागात पुन्हा बसतात, कोण कसं खेळलं यावर बोलतात आणि चांगल्या वागण्याचेही गुण देतात. एक मध्यस्थ असतो, तो निर्णय देत नाही, बोलणं घडवून आणतो. सुरुवातीच्या काळात मेडेलिनमध्ये एक नियम होता की पहिला गोल मुलीनंच करायचा. म्हणजे पोरांना पोरींकडे चेंडू द्यावाच लागायचा.

गटासाठी काय घ्यायचं, काय नाही

आधी काय घ्यायचं नाही ते सांगतो. पंचाचा निर्णय अंतिम, हे गटात चालणार नाही. फुटबॉल दीड तासात संपवायचा असतो, म्हणून वाद तिथल्या तिथे थांबवावा लागतो. आपला गट वर्षानुवर्षं चालवायचा आहे. अध्यक्ष ही पंच नाही. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो आणि गटात मिटलं नाही तर ग्रामसंघात नेता येतं. शिवाय गटात प्रश्न विचारणं ही हुज्जत नाही. "व्याज कसं धरलं?" असं विचारणाऱ्या बाईला गप्प करणारा गट लवकर बुडतो. हिशेबाबद्दलचा प्रश्न कितीही रागानं विचारला तरी त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

आता घेण्यासारखं. आमच्या मते पाच गोष्टी आहेत.

एक, नियम वाद होण्याआधी ठरवा. बैठकीला उशीर झाला तर किती दंड, हप्ता थकला तर किती दिवस थांबायचं, दोघींना एकदम कर्ज हवं असेल तर आधी कोणाला, हे शांत असताना ठरवून ठरावात लिहा. वाद झाल्यावर केलेला नियम कोणालातरी डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखा वाटतो.

दोन, त्रागा ओळखा. बाई चिडून बोलली तर आधी विचारा, "काय झालं ताई, घरी बरं आहे ना?" हप्ता थकलेल्या बाईबद्दल बैठकीत बोलण्याआधी तिच्या घरी एक चक्कर मारा. पंच जसा घटनेच्या जवळ जातो, तसं.

तीन, आधी कानात, मग चारचौघांत. एखादीला समज द्यायची तर पहिल्यांदा एकटीला द्या. दुसऱ्यांदा तेच झालं तर बैठकीत. पण जातीवरून, नवऱ्यावरून, मूल नसण्यावरून, चारित्र्यावरून कोणी बोललं, तर तिथे पायऱ्या नाहीत. त्याच क्षणी बैठक थांबवा आणि सांगा की हे इथे चालणार नाही. बोलणारी अध्यक्षाची जाऊ असो की सरपंचाची बायको.

चार, वाद फार तापला तर विषय कायमचा बंद करू नका, थोडा वेळ बाजूला ठेवा. पाणी प्या, बचत गोळा करा, रजिस्टर लिहा, मग पुन्हा त्या विषयाकडे या. नाहीच जमलं तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या. दहा मिनिटांनी माणूस तेच बोलतो, पण वेगळ्या आवाजात बोलतो.

पाच, लिहा. पंच कार्ड दाखवल्यावर वहीत नोंद करतो आणि सामन्यानंतर अहवाल देतो. आपल्या पंचसूत्रीत नियमित नोंदी सांगितल्या आहेत, त्या फक्त पैशाच्या नाहीत. काय ठरलं, कोणाची हरकत होती आणि हरकतीचं कारण काय, हेही लिहा. हरकत लिहून घेतली की बाईला वाटतं, माझं ऐकलं. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ताईंसाठी एक शब्द. तुम्हाला बोलणारी बाई दर वेळी तुम्हालाच बोलत असते असं नाही. ती तुमच्या हातातल्या रजिस्टरला बोलते, निर्णयाला बोलते, कधी बँकेला बोलते. ते सगळं घरी घेऊन जाऊ नका. पण खरंच तुमचा अपमान झाला तर तो मुकाट्यानं गिळूही नका. पंचालाही तसं करायला सांगत नाहीत.

येत्या बैठकीत एक काम करा. नेहमीचे विषय झाल्यावर पंधरा मिनिटं काढा आणि या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटात हरकत घ्यायची असेल तर ती कधी आणि कशी घ्यायची? कोणत्या बोलण्याला आपण अजिबात जागा देणार नाही? आणि रागानं यायची थांबलेली एखादी बहीण असेल, तर तिच्या घरी कोण जाणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नावासकट लिहा, आणि ज्या ताईचं नाव लिहाल तिनं पुढच्या बैठकीआधी जाऊन यावं.

मुलींचे सामने असतील तर जरूर जा. टाळ्या वाजवा, नावं घेऊन हाका मारा, चुकलं तरी "चल, पुन्हा" म्हणा. शिट्टी वाजली की मात्र पंचाला त्याचं किंवा तिचं काम करू द्या. पोरी आपल्याकडे बघत असतात.